रिकम्बंट ट्राइकची घरच्या घरी देखभाल: आधी काय, मग काय

रिकम्बंट ट्राइक म्हणजे मागे रेलून बसून चालवायची तीन चाकी सायकल, आणि तिची पुढची दोन चाकं एकत्र वळवणारा दांडा म्हणजे टाय रॉड. "गाडी डावीकडे ओढतेय, टाय रॉड किती फिरवू?" असा फोन मला अधूनमधून येतोच, आणि दरवेळी मी उलट विचारतो की दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवा किती आहे ते बघितलं का, की पलीकडे एकदम शांत. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं होतं, उजव्या टायरला स्लो पंक्चर होतं, ते न बघता टाय रॉड फिरवत बसलो, आणि खडकवासल्याच्या आठदहा फेऱ्यांत पुढचे दोन्ही नवे टायर इतके घासले की आतलं कापड दिसायला लागलं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. यातलं एकेक काम अवघड नाहीये, घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. हवा बघायच्या आधी अलाइनमेंट, म्हणजे पुढच्या चाकांची दिशा जुळवणं, करायची नाही, बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायच्या आधी ब्रेक जुळवायचा नाही, आणि चेन स्वच्छ व्हायच्या आधी गिअरच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

हे सगळं टॅडपोल ट्राइकसाठी आहे, म्हणजे पुढे दोन चाकं आणि मागे एक. तुमची डेल्टा असेल, पुढे एक आणि मागे दोन, तर अलाइनमेंटचा टप्पा सोडून बाकी बहुतेक तसंच लागू होतं.

## तयारी

जागा सपाट पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रेनेजसाठी उतार दिलेला असतो, डोळ्याला कळत नाही पण गाडी हळूच सरकते, त्यामुळे आधी एक गोटी किंवा छर्रा जमिनीवर सोडून बघा कुठे पळतो ते. जरा सपाट कोपरा मिळाला की तिथेच काम करा.

गाडी साध्या सायकलसारखी उलटी करून ठेवायची नाही. हँडलच्या टोकाला गिअर बदलायचे शिफ्टर असतात, आरसा असतो, सगळं वजन त्यांच्यावर येतं आणि शिफ्टर तुटला की तसलाच मिळायला वेळ लागतो. त्यापेक्षा पुढच्या क्रॉस ट्यूबखाली (दोन पुढच्या चाकांमधली आडवी नळी) विटांची चळत लावा, वर पोत्याची घडी ठेवा म्हणजे रंग जाणार नाही, आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून बोटभर वर उचलली की झालं. मागचं चाक उचलायचं असेल तेव्हा सीटच्या मागे फ्रेमखाली लाकडी पाट एकावर एक रचा, पुढचा पार्किंग ब्रेक लावून ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत. ४, ५, ६ आणि ८ एमएमच्या एल की, डिस्कच्या बोल्टसाठी टी-२५, ८ ते १५ पर्यंतचे पाने आणि टाय रॉडसाठी एकाच मापाचे दोन असले तर उत्तम, चेन टूल, स्टीलची मेजरिंग टेप, गेज असलेला उभा पंप, ग्रीस, निळं थ्रेड लॉक (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं), आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाने, एल की, नायलॉनची दोरी असलं सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, महाग वाटतो पण हलक्या फ्रेमवर अंदाजाने बोल्ट आवळून आटे गेले की त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, शक्य असेल तर घ्याच, नाहीतर दोघातिघांत मिळून एक घ्या.

फडकी मात्र दोन वेगळी ठेवा. एक चेनचं, एक ब्रेकचं. चेनचं फडकं चुकून डिस्कला लागलं की पॅड तेल पितात, आणि मग ब्रेक दाबला की नुसता आवाज, गाडी थांबत नाही.

शेवटची तयारी म्हणजे फोटो. चेन कुठल्या आयडलरच्या (चेनला वाट देणारी छोटी चाकी) वरून जाते, कुठल्या खालून, वॉशर कुठल्या बाजूला आहे, केबल कशी वळलीय, सगळ्याचे फोटो काहीही उघडायच्या आधी काढा. नंतर लक्षात राहील असं वाटतं पण राहत नाही.

## टप्पा १: पुसायचं आणि बोल्ट बघायचे

बाइक वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरने गाडी धुवायची नाही, ते पाणी हबच्या आणि किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) बेअरिंगमध्ये घुसतं आणि ग्रीस धुऊन नेतं. बादलीभर पाणी, थोडा भांड्याचा साबण, जुना रंगाचा ब्रश. पुसता पुसता फ्रेमच्या वेल्डिंगजवळ बारीक रेघ, रंग फुगलेला वगैरे दिसतंय का ते नीट बघा, खास करून क्रॉस ट्यूब मुख्य फ्रेमला जिथे जोडलीय तिथे. रेघ दिसली आणि ती पुसून जात नसेल तर गाडी चालवणं तिथेच थांबवा.

आता बोल्ट, पुढून मागे: बूमचे (पेडलचा पुढचा दांडा) क्लॅम्प, क्रँक, पेडल, किंगपिन, टाय रॉडची टोकं, हँडल, ब्रेक कॅलिपर (पॅड धरणारा भाग), डिस्क, सीट, आयडलर, मागचा अ‍ॅक्सल. आपल्याकडे दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर, त्यात ट्राइकला तीन चाकं, म्हणजे खड्डा चुकवायचा म्हटलं तरी एक चाक त्यात जातंच, त्यामुळे बोल्ट ढिले होणं रोजचं आहे. मी एक साधी गोष्ट करतो, बोल्ट बरोबर आवळला की बोल्टवरून फ्रेमवर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. दर आठवड्याला पान्याशिवाय दोन मिनिटांत सगळी गाडी तपासून होते.

किती आवळायचं ते बऱ्याच ठिकाणी पार्टवर एनएममध्ये (न्यूटन मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) छापलेलं असतं, तोच आकडा खरा. डिस्कचे टी-२५ बोल्ट साधारण ४ ते ६ एनएम, मधोमध एकच बोल्ट असलेला क्रँक मात्र ३५ ते ५० एनएम, म्हणजे सगळीकडे एकसारखा जोर लावून चालत नाही.

सावधान: डाव्या पेडलला उलटे आटे असतात. सोडवताना उजवीकडे फिरवायचं. जोर लावून भलत्याच दिशेला फिरवलं तर क्रँकचेच आटे जातात.

## टप्पा २: टायर आणि हवा

दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवा अगदी सारखी पाहिजे. अंगठ्याने दाबून नाही, गेज लावून. पाच-सात पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढायला लागते आणि मग लोक टाय रॉडकडे वळतात. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, त्याच्या मध्ये कुठेतरी ठेवा, आपल्या रस्त्यांना अगदी टोकाला नेऊ नका.

पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने भरत असाल तर जपून. चाक छोटं, टायरमध्ये हवा मावते थोडी, आणि तो कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी ठेवलेला, दोन सेकंद जास्त झाले की ट्यूब फुटते. माझ्या डोळ्यासमोर एकाची फुटलीय आणि आवाजाने सगळा चौक वळून बघत होता. घरी उभ्या पंपानेच भरा.

टायर घेताना एक चूक हमखास होते. २० इंची म्हटलं की दुकानदार २० इंची देतो, पण २० इंचीत दोन वेगळी मापं आहेत, ४०६ आणि ४५१, आणि एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. ट्राइकच्या पुढच्या चाकांना बहुतेक वेळा ४०६ असतं. २० x १.७५ असं दशांशात लिहिलेलं असेल तर ते साधारणपणे ४०६, आणि २० x १ ३/८ असं अपूर्णांकात असेल तर ४५१. पण त्यावरही विसंबू नका, जुन्या टायरवर ४७-४०६ असा जोड आकडा असतो त्याचा फोटो दुकानात दाखवा. मुलांच्या २० इंची सायकलची ४०६ ची ट्यूब अडीअडचणीला चालते, फक्त व्हॉल्व्ह तुमच्या रिमच्या भोकात बसतो का ते बघून घ्या.

आता पंक्चर. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, बाहेरच्या बाजूला फोर्क नाहीच. म्हणजे चाक न काढता टायर बाहेरच्या बाजूने उतरवता येतो, ट्यूब सरळ बाहेर येते आणि ट्यूब बदलूनसुद्धा चाक जागेवरच राहतं. तरी लोक अ‍ॅक्सलचा बोल्ट खोलून, डिस्क कॅलिपरमधून ओढून, सगळा पसारा मांडून बसतात आणि परत लावताना डिस्क घासायला लागते. चाक काढायचंच नाही. टायरची आतली बाजू बोटाने चाचपून काटा, काच, वायरचा तुकडा शोधा, तो न काढता नवी ट्यूब घातली तर पुढच्या चौकात परत पंक्चर.

तपासा: टायरची झीज बघा. मधोमध झिजलाय तर नेहमीची झीज. आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेला करवतीसारखी पिसं निघाल्यासारखं लागतंय तर अलाइनमेंट बिघडलीय, पण टप्पा ३ करूनच टप्पा ४ ला जा.

## टप्पा ३: प्ले कुठे आहे ते शोधा

पुढची चाकं अधांतरी करा. एका चाकाला वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. टकटक आली तर प्ले आहे, पण कशाचा? इथे घाई करू नका, तीन जागा आहेत.

एक, हबचं बेअरिंग. चाक हलतंय पण किंगपिनचा भाग स्थिर आहे, तर बेअरिंग गेलंय किंवा अ‍ॅक्सलचा बोल्ट ढिला आहे. आधी बोल्ट आवळून बघा. सील्ड बेअरिंग असेल तर ते उघडून ग्रीस भरत बसू नका, बेअरिंगवर छापलेला नंबर बघून तेच नवं आणा, बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की मिळतं. नवं बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाब द्यायचा, आतल्या रिंगवर हातोडी मारली तर नवं बेअरिंग तिथल्या तिथे खराब.

दोन, किंगपिन. चाकाबरोबर सगळा स्टिअरिंगचा भाग फ्रेममध्ये डुगडुगतोय, तर हा प्ले. बऱ्याच गाड्यांत तिथे सायकलच्या हेडसेटसारखीच (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ती) रचना असते, वरचा बोल्ट थोडा थोडा आवळत जायचं, प्ले गेला की थांबायचं, आणि हँडल डावी-उजवीकडे अडखळता कामा नये. अडखळलं तर जास्त आवळलंय.

तीन, टाय रॉडच्या टोकाचे गोळे. एकाला हँडल हलकंसं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बोट त्या जॉइंटवर ठेवा, बोटाला ठोका जाणवला तर जॉइंट झिजलाय. हा आवळून नीट होत नाही, बदलायचाच.

कुठलाही प्ले शिल्लक असताना घेतलेलं माप खोटं असतं, कारण गाडी चालताना चाक आपली जागा बदलतं. म्हणून आधी हे.

याच वेळी चाक फिरवून सोडा. फिरत राहिलं पाहिजे. लगेच थांबत असेल आणि डिस्कचा खसखस आवाज येत असेल तर त्या बाजूची ब्रेक केबल तात्पुरती ढिली करा, ब्रेक नंतर जुळवूच. एका बाजूचा ब्रेक घासत असला तरी गाडी त्या बाजूला ओढते, आणि हे तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. स्पोकही बोटाने छेडून बघा, चाक एकाच बाजूने धरलेलं असल्यामुळे वळणावर त्याच्यावर आडवा ताण भरपूर येतो, एखादा स्पोक ढिला वाजला तर अलाइनमेंटच्या आधी चाक ट्रू, म्हणजे स्पोक आवळून सरळ, करून घ्या.

## टप्पा ४: पुढच्या चाकांची अलाइनमेंट

याला टो-इन म्हणतात. वरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं एकमेकांना समांतर पाहिजेत, किंवा पुढच्या टोकाला अगदी किंचित, शून्य ते दोन एमएम, जवळ आलेली. पुढच्या टोकाला लांब गेलेली असतील तर गाडी वेगात वळवळते आणि टायर झिजतात.

१. गाडी विटांवरून खाली घ्या, सपाट जागेवर ठेवा. चालवणारा माणूस सीटवर बसलेला पाहिजे, कारण वजन पडलं की फ्रेम थोडी वाकते आणि माप बदलतं. म्हणजे या कामाला दोघं लागतात, घरातल्या कुणाला तरी दहा मिनिटं मागून घ्या.

२. हँडल सरळ करा आणि दोन्ही चाकं मुख्य फ्रेमपासून सारख्याच अंतरावर आहेत ना ते टेपने बघा.

३. दोन्ही रिमच्या आतल्या कडेवर, पुढच्या बाजूला, अ‍ॅक्सलच्या उंचीच्या जवळपास, मार्करने एकेक खूण करा. फ्रेम मध्ये येत असेल तर थोडं वर, पण दोन्हीकडे जमिनीपासून उंची सारखी. दोन खुणांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा.

४. आता गाडी पुढे ढकला, चाक साधारण अर्ध फिरून खुणा मागे त्याच उंचीवर येईपर्यंत. ४०६ च्या चाकाला साधारण पाऊण मीटर लागतं. त्याच खुणा आता मागच्या बाजूला, त्याच उंचीवर आल्या. परत मोजा.

ही ढकलायची पायरी बरेच जण गाळतात, पुढे एकदा आणि मागे एकदा अशी रिमची वेगवेगळी जागा मोजतात आणि रिम जरासं जरी वाकडं असलं तरी दोन-तीन एमएमची चूक तिथेच येते. तीच खूण मोजली की रिमचा वाकडेपणा हिशोबातून जातो.

५. मागचं माप पुढच्यापेक्षा शून्य ते दोन एमएम जास्त आलं तर काहीही करू नका. पान्याला हात लावू नका. पुढच्या टप्प्याला जा.

६. जास्त फरक असेल किंवा उलटा असेल तर टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे चेकनट (रॉड फिरू नये म्हणून आवळलेले नट) सोडवा. एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे दोन्ही नट एकाच दिशेला सुटत नाहीत. रॉड फिरवला की दोन्हीकडून एकदम लांब किंवा आखूड होतो. रॉड किंगपिनच्या मागे असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतं, पुढे असेल तर उलट.

किती फिरवायचा? फार म्हणजे फार थोडा. समजा आटे १ एमएमचे आहेत, तर पाव फेरीत रॉड अर्धा एमएम बदलतो, पण स्टिअरिंगचा आर्म ७० एमएम आणि रिम ४०० एमएम, म्हणजे चाकाच्या मापात फरक पडतो जवळजवळ तीन एमएमचा. त्यामुळे पाव फेरीसुद्धा जास्त होते. जरासा फिरवा, गाडी एकदा मागे-पुढे ढकला, परत मोजा.

७. ज्या गाड्यांत हँडल मधोमध आहे आणि दोन्हीकडे वेगळे रॉड आहेत, तिथे दोन्ही रॉड सारखेच फिरवायचे. एकच फिरवला तर टो-इन बरोबर येईल पण हँडल वाकडं राहील.

८. चेकनट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, आणि दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच पातळीत आहेत ना ते बघा. एक तिरका राहिला तर पूर्ण वळणावर रॉड अडकतो.

तपासा: आवळून झाल्यावर परत एकदा मोजा. नट आवळताना रॉड हमखास थोडा फिरतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

## टप्पा ५: ब्रेक

साध्या सायकलीत पुढचा आणि मागचा असे ब्रेक असतात, ट्राइकमध्ये बहुतेक वेळा डावा लिव्हर डाव्या चाकाचा आणि उजवा लिव्हर उजव्या चाकाचा असतो. म्हणजे एक ब्रेक कडक आणि एक ढिला असेल तर गाडी थांबताना वळते. दोन्ही सारखे लागले पाहिजेत हेच या टप्प्याचं सगळं काम आहे.

केबलचा डिस्क ब्रेक असेल तर पॅड आधी बघा, मसाला एक एमएमच्या आसपास उरला असेल तर बदला, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला. मग कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा म्हणजे कॅलिपर डिस्कच्या मधोमध येतो, तसंच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ज्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो त्यात न हलणारा पॅड आधी डिस्कच्या अगदी जवळ आणायचा, घासणार नाही इतपत, आणि मग केबलचा ताण. लोक उलट करतात, केबल ओढून ओढून ब्रेक कडक करतात, मग डिस्क दरवेळी एका बाजूला वाकते.

डिस्क अल्कोहोलने पुसा, स्वच्छ फडक्याने. हात लावू नका, हाताचंही तेल लागतं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना हळदीकुंकू फ्रेमला लावा, सीटला लावा, पण डिस्कवर नको, आणि झेंडूचा हार पुढच्या चाकांजवळ लोंबत ठेवून गाडी बाहेर काढू नका.

ड्रम ब्रेक असेल तर काम कमी, केबलचा बॅरल (ताण कमी-जास्त करायचा पोकळ स्क्रू) फिरवून दोन्ही लिव्हर सारखेच दाबले जातात ना ते बघायचं. ड्रमच्या आत तेल किंवा ग्रीस कधीच नाही.

नवे पॅड घातले तर ते बसवावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर साधारण वीसच्या वेगातून हळू व्हायचं, पूर्ण न थांबता, असं पंधरा-वीस वेळा. हे न करता कुणी थेट सिंहगडाचा घाट उतरायला जाऊ नका. घाटात ब्रेक सतत धरून ठेवला की डिस्क तापते आणि पॅड चकाकतात, दाबा-सोडा असं करत उतरा, आणि खाली आल्यावर डिस्कला बोट लावायचं नाही, पोळतं.

सावधान: ब्रेक चांगला लागलाय म्हणून पूर्ण वेगात दोन्ही लिव्हर जोरात दाबून बघायचं नाही, टॅडपोलचं मागचं चाक उचललं जातं. हळूहळू वेग वाढवत बघा. पार्किंग ब्रेकची केबलही इथेच तपासा, उतारावर गाडी लावून उतरलात आणि ती निघाली तर धरायला वेळ मिळत नाही.

## टप्पा ६: बूम आणि चेन

बूम म्हणजे पेडलचा पुढचा दांडा. तो पायाच्या लांबीप्रमाणे लावतात: टाच पेडलवर ठेवून पाय अगदी सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. लांबी बदलायची असेल तर चेनच्या आधी बदला, कारण बूम एक इंच पुढे गेला की चेन दोन इंच जास्त लागते. कुणी दुसऱ्याकडून गाडी घेतो, बूम ओढून लांब करतो, आणि मोठ्या चाकतीवर गिअर टाकल्यावर डिरेलर (चेन एका चाकतीवरून दुसऱ्या चाकतीवर नेणारा भाग) ताणून तुटतो. बूमचे क्लॅम्प आळीपाळीने आवळा, पेडलचा अ‍ॅक्सल क्रॉस ट्यूबला समांतर आहे ना ते समोरून बघा, आणि बूमवर टेपची खूण करा म्हणजे सरकला तर कळेल.

आता चेन. ही साध्या सायकलच्या जवळजवळ तिप्पट असते, ११४-११६ कड्यांच्या तीन चेन जोडून केलेली. लांब असल्यामुळे झिजते सावकाश, कारण प्रत्येक कडी चाकतीवरून कमी वेळा जाते. पण घाण मात्र तिप्पट धरते, त्यात पुण्याची धूळ, जिथे बघावं तिथे खोदलेलं.

१. झीज मोजा. चेन ताणलेली असताना २४ कड्यांचं अंतर मोजा, नवीन असताना ते बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ एमएम असतं. दीड एमएम वाढलं तर चेन बदलायची वेळ आली. तीन एमएम वाढलं तर मागची कॅसेटही (मागच्या चाकत्यांचा संच) बहुतेक गेली. तीन-चार ठिकाणी मोजा.

२. बदलायची असेल तर सगळी बदला. "पुढचाच तुकडा जास्त झिजलाय, तेवढा बदलतो" असं करू नका, नवी आणि जुनी कडी एकाच चाकतीवर नीट बसत नाही, चेन उड्या मारते. एकाच कंपनीच्या, तुमच्या स्पीडच्या तीन चेन घ्या, क्विक लिंकही (चेन जोडायची सुटी कडी) त्याच स्पीडचे. उरलेल्या कड्या फेकू नका.

३. चेन काढायच्या आधी तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा, चेनपेक्षा थोडी लांब. चेन ओढली की दोरी चेन ट्यूबमधून (चेनभोवतीची नळी), आयडलरवरून तिच्या मागे जाते आणि तिथेच राहते. नंतर दोरीला नवी किंवा धुतलेली चेन बांधून उलटी ओढायची. ज्यांनी हे केलं नाही ते तासभर ट्यूबमध्ये वायर घालत बसतात, आणि चेन आयडलरच्या चुकीच्या बाजूने गेली की पेडल मारल्यावर फ्रेमला घासते.

४. चेन डीग्रीजरमध्ये नाहीतर रॉकेल मिळालं तर त्यात भिजवून ब्रशने धुवा, साबणाच्या पाण्याने काढा, पूर्ण वाळू द्या. वाळली नाही आणि तेल घातलं तर आतून गंजते.

५. चेन ट्यूब आतून साफ करा. दोरीला चिंधी बांधून दोन-तीनदा ओढा, निघालेली काळी पेस्ट बघून पटेल की गाडी जड का चालत होती. ट्यूब एकाच ठिकाणी अडकवलेली पाहिजे, दुसरं टोक मोकळं. दोन्ही टोकं घट्ट बांधली की वळणावर चेन ट्यूबच्या तोंडाला कापते.

६. आयडलर हाताने फिरवा, खरखर नको. काही आयडलर आपल्या अ‍ॅक्सलवर थोडे डावी-उजवीकडे सरकतात, ते तसेच बनवलेले असतात, चेनच्या रेषेप्रमाणे हलायला. तो प्ले समजून वॉशर घालून घट्ट करू नका.

७. तेल. प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. पेडल मागे फिरवत दहा मिनिटं, मग बाहेरून सगळं कोरडं पुसा. वरचं तेल काही कामाचं नसतं, फक्त धूळ धरतं. उन्हाळ्यात ड्राय लूब, पावसाळ्यात वेट लूब. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, दोन दिवसांत उडून जातं, आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नाही, तो उलट आतलं तेल धुऊन काढतो.

## टप्पा ७: गिअर

थोडक्यात सांगतो कारण मागचा डिरेलर इतर सायकलींसारखाच असतो. फरक एवढाच की केबल खूप लांब आणि वळणं जास्त, म्हणून गिअर नीट पडत नसेल तर दहात आठ वेळा दोष केबलच्या घर्षणाचा असतो. आधी आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही बदला, मग बॅरल अर्धी-अर्धी फेरी फिरवा. मर्यादेचे दोन स्क्रू, एच आणि एल, फक्त चेन टोकाच्या चाकतीवरून बाहेर पडत असेल तरच. मागचं चाक २० इंची असेल तर डिरेलर जमिनीला अगदी जवळ लोंबतो, फुटपाथवर गाडी चढवताना हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, वाकतो, वाकला असेल तर कितीही स्क्रू फिरवा, गिअर बसणार नाहीत.

## कधी काय

दर आठवड्याला हवा आणि नेलपॉलिशच्या रेघा. पावसात चालवली तर त्याच दिवशी चेन पुसून तेल, सीटची जाळी काढून पंख्याखाली वाळवायची, नाहीतर बुरशी धरते आणि पट्टे कुजतात. पूर्ण आठही टप्पे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि एकदा पाऊस सरल्यावर, मी दसऱ्याच्या आधीचा रविवार धरतो.

## टप्पा ८: चालवून बघा

गाडी लांबून दिसावी म्हणून काठीचा झेंडा लावा, हेल्मेट घाला, आणि पहाटे रिकामा सपाट रस्ता बघा. आधी चालण्याच्या वेगात डावा ब्रेक, मग उजवा, मग दोन्ही. मग पंधराच्या वेगात हँडलवरचा हात हलका करा, पूर्ण सोडू नका, गाडी सरळ जातेय का बघा. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडे थोडी ओढली तर रस्त्याच्या मधोमध चालवून बघा, अर्थात मागे कुणी नसताना. मधोमधही एका बाजूला ओढत असेल तरच गडबड आहे, आणि तेव्हाही सुरुवात टप्पा २ पासून.

पन्नासेक किलोमीटर झाले की बोल्ट परत एकदा, नव्याने आवळलेले थोडे बसतात. टाय रॉडचे चेकनट सगळ्यात आधी.